जँगोला पोस्टग्रेस आणि मोंगो दोन्ही जोडायचे, तर बिल कुणाच्या भरवशावर चालणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकल मालाचं एक घाऊक दुकान आहे आणि त्यांच्यासाठी दोघा-तिघांची टीम जँगोमध्ये (वेब ॲप बनवायची पायथनमधली चौकट) ॲप तयार करते आहे. ग्राहक, बिलं, उधारी आणि साठा पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे टेबलांत माहिती ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसमध्ये आहे. कंपन्यांच्या कॅटलॉगमधून गोळा केलेली मालाची तपशीलवार माहिती आधीच्या एका प्रकल्पापासून मोंगोडीबीत आहे; हा डॉक्युमेंट डेटाबेस, म्हणजे प्रत्येक नोंदीत हवे ते गुण ठेवता येतात. हे दोन्ही डेटाबेस एकाच ॲपला कसे जोडायचे, आणि अधूनमधून पोस्टग्रेस 'टू मेनी क्लायंट्स' म्हणून कनेक्शन का नाकारतो, हे विचारलं आहे.

नुसती जोडणी फार वेळ खात नाही. पोस्टग्रेससाठी सायकॉपजी ३ ही पायथन लायब्ररी बसवा (जँगो ४.२ पासून ते चालतं) आणि सेटिंग्जमधल्या 'डेटाबेसेस' या नोंदीत इंजिन, नाव, युजर, पासवर्ड, होस्ट आणि पोर्ट भरा. मोंगोसाठी पायमोंगो ही लायब्ररी बसवा आणि त्याचा पत्ता सेटिंग्जमध्ये वेगळा ठेवा. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंटमधून घ्या. इतकं केलं की दोन्हीकडून डेटा यायला लागतो, आणि बहुतेक मार्गदर्शक लेख इथेच थांबतात.

खरा निर्णय यानंतरचा आहे: मोंगो बंद पडला तर काउंटरवरचं बिल निघेल का? माझ्या मते ते निघालंच पाहिजे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, कॅटलॉगचा सर्व्हर पडला म्हणून गिऱ्हाईक उभं राहता कामा नये. खालची जवळजवळ प्रत्येक शिफारस याच एका अटीतून निघालेली आहे.

त्याआधी मोंगो मुळात हवा का, ते पाहू. इलेक्ट्रिकल मालाचा स्वभाव असा, की प्रत्येक वस्तूचे गुण वेगळे. एमसीबीला (जास्त प्रवाह आला की वीज तोडणारा स्विच) अँपिअर, पोल आणि कर्व्ह असतो. वायरला जाडी, रंग आणि कॉइलची लांबी असते, पंख्याला स्वीप असतो, एलईडी पॅनेलला वॅट आणि प्रकाशाचा रंग असतो. या सगळ्यासाठी एकच टेबल केलं तर शंभर कॉलम होतील आणि त्यातले नव्वद रिकामे राहतील. डॉक्युमेंट डेटाबेस इथे सोयीचा वाटतो, ते बरोबरच आहे. पण पोस्टग्रेसमध्ये ९.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, जेसनबी हा, एकाच कॉलमात हवे ते गुण ठेवू देणारा, प्रकार आहे, आणि जँगोचं त्यासाठीचं जेसनफील्ड जँगो ३.१ पासून सगळ्या अधिकृत डेटाबेसवर चालतं. 'सी कर्व्ह असलेले डबल पोल एमसीबी' असा शोध जेसनबीवर जिन इंडेक्स (आतल्या गुणांची शोधसूची) लावून चांगला चालतो. 'सोळा ते बत्तीस अँपिअरमधले' असा पल्ल्याचा शोध मात्र जिन इंडेक्सला झेपत नाही. त्यासाठी त्या गुणावर वेगळा एक्स्प्रेशन इंडेक्स करावा लागतो. काही हजार वस्तूंच्या दुकानाला त्याचीही गरज पडणार नाही, पोस्टग्रेस अख्खं टेबल चाळूनही क्षणात उत्तर देईल.

म्हणून आज कोऱ्या पाटीवर सुरुवात असती, तर मी फक्त पोस्टग्रेस घ्यायला सांगितलं असतं. तुमच्याकडे मोंगो आधीच भरलेला आहे आणि त्यात नवी भर पडते आहे, तेव्हा तो राहू द्या. त्याच्याकडे काम किती द्यायचं एवढंच ठरवा.

वाटणी अशी करा. पोस्टग्रेसमधल्या वस्तूच्या टेबलात बिलाला लागणारं सगळं हवं: वस्तूचं नाव, एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गाचा नंबर), एकक, जीएसटीचा दर, भाव, शिल्लक साठा. मोंगोमधल्या डॉक्युमेंटात गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि शोधायचं सगळं: तांत्रिक गुण, फोटोंचे दुवे, कंपनीचं वर्णन. दोघांना जोडणारी ओळख एकच ठेवा. पोस्टग्रेसमध्ये वस्तूला यूयूआयडी (दुसरीकडे पुन्हा न येणारी लांब ओळख) द्या आणि मोंगोच्या डॉक्युमेंटाची आयडी म्हणून तीच वापरा. कंपनीचा कॅटलॉग नंबर ओळख म्हणून वापरू नका. कंपन्या नवी मालिका काढतात तेव्हा नंबर बदलतात, कधी जुना नंबर नव्या मालाला देतात, आणि मग मागच्या वर्षीच्या बिलातली वस्तू भलत्याच डॉक्युमेंटाकडे बोट दाखवते.

आणि बिलाच्या ओळीत वस्तूची फक्त आयडी ठेवू नका. नाव, एचएसएन, दर आणि भाव हे विक्रीच्या क्षणी जसे होते तसे त्या ओळीत उतरवून घ्या. रिलेशनल डेटाबेस शिकताना एकच माहिती दोनदा लिहू नये असं शिकवतात, त्यामुळे हे अनेकांना खटकतं. पण ही पुनरुक्ती नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले. ज्यांची बिलं दर वस्तूच्या टेबलातून वाचत होती, त्यांच्याकडे जुनं बिल पुन्हा छापलं की नवा दर येणार. वस्तूचा आजचा दर आणि त्या दिवशी लावलेला दर ही दोन वेगळी सत्यं आहेत.

बिलाच्या नंबरावर थोडं थांबतो, कारण रिलेशनल डेटाबेस कशासाठी हवा ते इथे नीट दिसतं. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरलेला नको. बरेच जण पोस्टग्रेसची आपोआप वाढणारी आयडीच बिलाचा नंबर म्हणून छापतात. ती आयडी सीक्वेन्समधून, म्हणजे पुढचा नंबर देणाऱ्या यंत्रणेतून येते, आणि ट्रान्झॅक्शन (सगळे एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) रद्द झालं तरी सीक्वेन्स मागे जात नाही. साठा कमी पडला म्हणून एखादं बिल अर्ध्यात रद्द झालं, की त्याचा नंबर कायमचा गेला. वर्षाअखेरीस सीए विचारतात, ४१२ नंबरचं बिल कुठे आहे? ते कधी झालंच नव्हतं, हे सिद्ध करत बसावं लागतं.

त्याऐवजी एक लहान टेबल करा, दर आर्थिक वर्षाला आणि दर मालिकेला एक ओळ, तिच्यात शेवटचा वापरलेला नंबर. बिल करताना ट्रान्झॅक्शन सुरू करा, ती ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने कुलूपबंद करून वाचा, एकने वाढवा, बिल आणि त्याच्या ओळी लिहा, साठा कमी करा, आणि सगळं एकत्र कमिट, म्हणजे पक्कं करा. मध्ये काहीही बिघडलं तर नंबरही मागे जातो. साठा कमी करताना तो आधी पायथनमध्ये वाचून, वजाबाकी करून परत लिहू नका. दोन काउंटरांवरून एकाच वेळी शेवटची कॉइल विकली जाईल. जँगोच्या एफ एक्स्प्रेशनने वजाबाकी डेटाबेसलाच करू द्या, आणि साठा शून्याच्या खाली जाणार नाही असा चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसनेच पाळायची अट) टेबलावर लावा. पैशांना डेसिमल फील्ड, फ्लोट कधीही नाही. आर्थिक वर्ष ठरवताना स्थानिक तारीख घ्या: भारतातली १ एप्रिलची मध्यरात्र म्हणजे यूटीसीप्रमाणे, म्हणजे सर्व्हर सहसा पाळतात त्या जागतिक वेळेप्रमाणे, ३१ मार्चची संध्याकाळ, साडेसहा. ३१ मार्चला रात्री उशिरापर्यंत साठामोजणी चालते, त्या रात्री ही चूक हमखास वर येते.

आता धोक्याची जागा. ती कुलूपबंद ओळ ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत बंदच राहते, आणि तोवर दुसऱ्या काउंटरचं बिल थांबून असतं. तीस मिलिसेकंद थांबलं तर कुणाला कळतही नाही. पण त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत तुम्ही मोंगोला वस्तूचं वर्णन मागितलं आणि मोंगो पडलेला असला तर? पायमोंगो सर्व्हर सापडण्याची वाट मुळात ३० सेकंद पाहतो. तेवढा वेळ पोस्टग्रेसचं कनेक्शन अडकलेलं, बिलाच्या नंबराची ओळ अडकलेली आणि सगळे काउंटर अडकलेले. त्यात गनिकॉर्नची, म्हणजे जँगो ॲप चालवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामची, मुळातली कालमर्यादाही ३० सेकंदांचीच आहे. म्हणून साध्या सिंक वर्करवर (एका वेळी एकच विनंती हाताळणारी प्रोसेस) बऱ्याचदा मोंगोची चूक लॉगमध्ये दिसायच्या आतच गनिकॉर्न तो वर्कर मारून टाकतो, आणि तुम्ही मोंगो सोडून भलतीकडेच शोधत राहता. जँगोचं 'ॲटॉमिक रिक्वेस्ट्स' चालू असेल तर हा सापळा प्रत्येक पानावर आहे, कारण तिथे प्रत्येक विनंती पहिल्यापासून ट्रान्झॅक्शनमध्येच असते.

त्यामुळे दोन नियम. सर्व्हर निवडीची मर्यादा दोन-तीन सेकंदांवर आणा, सॉकेटची, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची, मर्यादाही द्या. आणि पोस्टग्रेसचं ट्रान्झॅक्शन उघडं असताना मोंगोला हाक मारू नका. हाच नियम व्हॉट्सॲपवर बिल पाठवणाऱ्या किंवा ई-वे बिल काढणाऱ्या बाहेरच्या सेवांनाही लागू.

वस्तूचा भाव किंवा नाव पोस्टग्रेसमध्ये बदललं, की मोंगोत दाखवण्या-शोधण्यासाठी ठेवलेल्या प्रतीलाही ते कळवावं लागतं. दोन्ही डेटाबेसवर एकच ट्रान्झॅक्शन जँगोत होत नाही. मोंगोला ४.० पासून स्वतःची अनेक डॉक्युमेंटांवरची ट्रान्झॅक्शन्स आहेत, पण ती त्याच्या घरातली. पोस्टग्रेसचं रोलबॅक (बदल मागे घेणं) मोंगोतलं लेखन पुसत नाही. जँगोच्या 'ऑन कमिट'मध्ये (कमिट झाल्यावरच चालणारं काम) मोंगोचं लेखन टाकणं हा पहिला बरा उपाय आहे, कारण रद्द झालेला बदल तरी मोंगोत जात नाही. उरलेली फट अशी: कमिट झालं आणि पुढच्याच क्षणी प्रोसेस मेली, तर मोंगोला कधीच कळत नाही.

ती फट बुजवायला पोस्टग्रेसमध्ये आउटबॉक्स, म्हणजे पाठवायच्या निरोपांचं टेबल करा. वस्तू बदलताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'या आयडीची वस्तू बदलली, आवृत्ती अमुक' अशी ओळ आउटबॉक्समध्ये लिहा. सेलरीचं (मागे चालणारी कामं सांभाळणारं साधन) एक काम दर काही सेकंदांनी न पाठवलेल्या ओळी 'स्किप लॉक्ड'सह, म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून, उचलेल, मोंगोत अपसर्ट (डॉक्युमेंट असेल तर बदल, नसेल तर नवं) करेल आणि ओळीवर खूण करेल. एकच ओळ दोनदा पाठवली गेली तरी बिघडू नये, म्हणून डॉक्युमेंटात आवृत्ती क्रमांक ठेवा आणि जुन्या आवृत्तीने नवीवर लिहू नये अशी अट अपसर्टलाच घाला. ही अट घालताना एक बारकावा आहे. नवी आवृत्ती आधीच पोचलेली असेल तर अट जुळत नाही, अपसर्ट नवं डॉक्युमेंट घालायला जातो आणि त्याच आयडीमुळे 'डुप्लिकेट की'ची चूक येते. ती चूक इथे अपेक्षित आहे, पकडा आणि ओळ पाठवली असं समजा. मोंगो तासभर बंद असला तर ओळी साचतात, तो परत आला की निपटतात. बिल करणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

वाचतानाची चूक वेगळ्या जातीची आहे. यादीच्या पानावर पन्नास वस्तू पोस्टग्रेसमधून आणल्या आणि लूपमध्ये प्रत्येकीसाठी मोंगोला विचारलं, तर एका पानाला पन्नास फेऱ्या झाल्या. जँगोत 'सिलेक्ट रिलेटेड' आणि 'प्रीफेच रिलेटेड' ज्या दुखण्यासाठी आहेत तेच हे दुखणं, फक्त दोन डेटाबेसमध्ये पसरलेलं असल्याने जँगो ते सोडवू शकत नाही. आयड्या गोळा करा, मोंगोला 'इन' वापरून एकदाच विचारा, उत्तर डिक्शनरीत ठेवा आणि जोडा. डॉक्युमेंट आलं नाही तर पोस्टग्रेसमधलं नाव आणि भाव दाखवून पान पुढे चालू द्या.

याच कारणासाठी तिन्ही गोष्टी, म्हणजे ॲप आणि दोन्ही डेटाबेस, एकाच क्लाउडच्या एकाच भागात ठेवा. ॲमेझॉनचा मुंबई भाग आहे, मायक्रोसॉफ्टचा सेंट्रल इंडिया भाग तर पुण्यातच आहे. आधीच्या प्रकल्पाचं मोंगो क्लस्टर कुणी अमेरिकेत उघडून ठेवलं असेल, तर कोडमध्ये काहीही करण्याआधी ते इकडे हलवा.

मोंगोसाठी जँगोचा ओआरएम (टेबलांऐवजी पायथनच्या मॉडेल्सनी डेटा हाताळण्याची सोय) वापरावा का, असंही विचारलं आहे. मोंगोडीबी कंपनीने स्वतः केलेला जँगो बॅकएंड २०२५ मध्ये आला आहे आणि राउटर (कुठलं मॉडेल कुठल्या डेटाबेसचं ते सांगणारा कोड) लिहून तो पोस्टग्रेसच्या शेजारी चालवता येतो. तुमच्या बाबतीत मी तो घेणार नाही. दोन्हीकडे मॉडेल्स सारखीच दिसू लागली की त्यांच्यात फॉरेन की (एका नोंदीचा दुसरीशी पक्का दुवा) टाकायचा मोह होतो, आणि दोन डेटाबेसमधली फॉरेन की जँगो मान्य करत नाही. एसक्यूएलचं भाषांतर करून मोंगोला पाठवणारं जोंगो तर टाळाच. साधा पायमोंगो, आणि मोंगोशी बोलणारं सगळं एका कॅटलॉग मॉड्यूलमध्ये: 'या आयड्यांची माहिती दे', 'या गुणांवर शोध', 'ही वस्तू ठेव'. बाकी ॲपमध्ये पायमोंगो इम्पोर्ट झालेला दिसता कामा नये.

मोंगोक्लायंट प्रत्येक विनंतीला नवा करू नका. तो स्वतः पूल, म्हणजे तयार कनेक्शन्सचा संच, सांभाळतो, थ्रेडमध्ये सुरक्षित आहे, प्रत्येक प्रोसेसला एक पुरतो. पण तो फोर्कनंतर, म्हणजे प्रोसेसची प्रत काढल्यावर, सुरक्षित नाही, म्हणून गनिकॉर्न 'प्रीलोड'वर (ॲप आधी चढवून मग वर्कर काढणं) असेल तर क्लायंट पहिल्या वापराच्या वेळी तयार होईल असं लिहा. आणि क्लायंट तयार झाला म्हणजे कनेक्शन झालं असं नाही. पत्ता चुकीचा असला तरी तो ओळ शांतपणे पार करतो, चूक पहिल्या क्वेरीला कळते. ॲप चढवताना एक पिंग करून लॉगमध्ये इशारा लिहा, पण त्यावर ॲप बंद पाडू नका. पासवर्डमध्ये ॲट-चिन्ह किंवा कोलन असेल तर ते पत्त्यात टक्केवारी-रूपात लिहावं लागतं, आणि युजर 'ॲडमिन'मध्ये तयार केलेला असेल तर 'ऑथ सोर्स', म्हणजे युजर कुठल्या डेटाबेसमध्ये आहे ते, सांगावा लागतो. 'ऑथेंटिकेशन फेल्ड'ची कारणं शोधताना आधी ही दोन पाहा. दोन्ही डेटाबेसची पोर्टं इंटरनेटला उघडी नकोत. जानेवारी २०१७ मध्ये उघडे सोडलेले हजारो मोंगो पुसून खंडणी मागितली गेली होती.

आता 'टू मेनी क्लायंट्स'. पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा १०० कनेक्शन्सची, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव, म्हणजे हातात ९७. प्रत्येक कनेक्शन ही सर्व्हरवरची वेगळी प्रोसेस असते, त्यामुळे मर्यादा नुसती वाढवत नेणं महागात पडतं. जँगो दर थ्रेडला एक कनेक्शन धरतो. समजा दोन सर्व्हर आहेत, प्रत्येकावर गनिकॉर्नचे ४ वर्कर, प्रत्येकी ४ थ्रेड, आणि सेलरीचे ८ वर्कर. एका सर्व्हरचे २४, दोघांचे ४८. ठीक वाटतं. पण नवी आवृत्ती चढवताना जुने आणि नवे वर्कर काही काळ एकत्र जिवंत असतात, तेव्हा आकडा ९६ होतो. त्यात कुणी पीजीॲडमिन (पोस्टग्रेस पाहायचा प्रोग्राम) उघडून बसलं की संपलं. म्हणून चूक आली ती वेळ तुमच्या डिप्लॉयच्या, म्हणजे नवी आवृत्ती चढवण्याच्या, वेळेशी ताडून पाहा. गर्दीमुळे होतंय असं वाटतं, पण बऱ्याचदा कारण हे असतं.

उपाय: जँगोचं 'कॉन मॅक्स एज' (कनेक्शन किती सेकंद टिकवायचं) मुळात ० असतं, म्हणजे दर विनंतीला नवं कनेक्शन. ते साठ सेकंदांवर ठेवा आणि जँगो ४.१ पासूनची 'कॉन हेल्थ चेक्स' चालू करा, म्हणजे मेलेलं कनेक्शन पुन्हा वापरलं जाणार नाही. एसिंकवर, म्हणजे एएसजीआयवर चालवत असाल तर ही टिकाऊ कनेक्शन्स बंद ठेवा आणि जँगो ५.१ मधला अंगचा पूल वापरा. लक्षात ठेवा, तो पूल दर प्रोसेसला वेगळा असतो, गुणाकार तसाच राहतो. सर्व्हर वाढणार असतील तर मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन्स अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये बसवा आणि जँगोत सर्व्हर-साइड कर्सर (मोठं उत्तर तुकड्यांनी आणण्याची सोय) बंद करा, नाहीतर 'इटरेटर' वापरणारे रिपोर्ट अचानक मोडतील.

मराठी मजकुराबद्दल एक गोष्ट, कारण पुण्यातल्या पत्त्यांत ती लगेच दिसते. 'नऱ्हे' लिहिताना कुणाचा कीबोर्ड 'ऱ' हे एकच अक्षर टाकतो, कुणाचा 'र' आणि नुक्ता, तर कुणाचा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच, डेटाबेसला तीन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारी युनिकोडची पद्धत) पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. त्यासाठी साठवण्याआधी आणि शोधण्याआधी स्वतः बदल करणारं एक छोटं फंक्शन लिहा, आणि दोन्ही डेटाबेसकडे जाणारा मजकूर त्याच फंक्शनमधून जाऊ द्या. क्रम लावतानाही तसंच: युनिकोडच्या नंबरांप्रमाणे 'ळ' हे 'ल'च्या लगेच नंतर येतं, आपल्या वर्णमालेत ते 'ह'नंतर. ग्राहकांची यादी मराठीत दाखवणार असाल तर पोस्टग्रेसमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन, म्हणजे मराठी वर्णक्रमाचा नियम द्या. आणि गुणांच्या शोधात 'अडीच एमएम' लिहिलं तरी अडीच स्क्वेअर एमएमची वायर सापडली पाहिजे, म्हणून मोंगोत जाडी हा आकडा वेगळा, एकक वेगळं आणि बोलीतली नावं वेगळ्या यादीत ठेवा.

टेस्टमध्ये जँगो पोस्टग्रेसमधला डेटा प्रत्येक टेस्टनंतर मागे घेतो, मोंगोला तो हात लावत नाही. टेस्टसाठी वेगळं मोंगो डेटाबेस-नाव द्या आणि दर टेस्टनंतर कलेक्शन रिकामं करा. शिवाय एक टेस्ट मोंगोचा पत्ता मुद्दाम चुकीचा देऊन बिल करणारी हवी. ती नापास झाली तर आवृत्ती चढवायची नाही.

बॅकअप दोन्हींचे वेगवेगळ्या क्षणी होतात. रात्री दोनचा पोस्टग्रेस आणि अडीचचा मोंगो परत आणला, की मधल्या अर्ध्या तासातले बदल जुळणार नाहीत. म्हणून एक पडताळणीचं कमांड लिहा: पोस्टग्रेसमधल्या सगळ्या वस्तूंच्या आयड्या आणि आवृत्त्या घ्यायच्या, मोंगोशी ताडायच्या, जिथे फरक असेल तिथे आउटबॉक्समध्ये ओळ टाकायची. मोंगोत आहे पण पोस्टग्रेसमध्ये नाही अशी डॉक्युमेंटं आपोआप पुसू नका, त्यांची यादी दुकानदाराला दाखवा. त्यातला काही माल कॅटलॉगमधून आलेला पण अजून दुकानात न ठेवलेला असेल. हे कमांड रोज दुकान बंद झाल्यावर चालवा, आणि आधीच्या प्रकल्पातला डेटा पहिल्यांदा जोडून झाल्यावरही हेच चालवून पाहा.